पाणी कोमट होतं का?

तिझ्नित, १९ ऑक्टोबर १९८२

प्रिय बेलाईददादा,

सलाम. तुला आणि केल्तूम वहिनीला. तुझ्या त्या खाणीतल्या मित्रांनाही, जे माझ्या हातच्या लोण्याची सारखी आठवण काढतात म्हणे.

इथे सगळं ठीक आहे. लग्न ठरल्यापासून माझ्या रकियाचे पाय जमिनीला लागत नाहीत. तिच्या होणाऱ्या सासूच्या, हेन्नूबाईंच्या घरून शकुनाचे म्हणून आलेले साखरेचे कोन निळ्या कागदात तसेच कपाटावर आहेत. तू उन्हाळ्यात येशील तेव्हाच फोडायचे, असं मी सगळ्यांना बजावलंय. बाप नाही, आजोबा नाहीत, तेव्हा निकाहाला तिचा वली, मुलीकडचा पालक म्हणून मामानेच बसायचं आहे. कोट इस्त्री करून आण, गेल्या वेळेसारखा बोचक्यात कोंबून आणू नकोस.

आता खरं सांगते. हे पत्र लग्नासाठी लिहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात चांदीकाम करणाऱ्या हम्मूची आई वारली. बायकांची मय्यत धुवायची म्हणजे लाल्ला तूदा, हे तुला माहीत आहे. आपल्या आईलाही तिनेच आंघोळ घातली होती. पण आता तिचे हात फार थरथरतात. पाणी ओतायला कुणीतरी हवं म्हणून तिने मला बोलावलं. अर्ध्यात ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "यामना, भांडं खाली ठेव. हात धू. पुढचं तू कर."

मी केलं. आधी हाताला फडकं गुंडाळलं. मग पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं, तान्ह्या बाळासाठी पाहतात तसं. तूदा म्हणते, गार पाणी घालायचं नाही, मेलेल्यालाही गार लागतं. चादर नाभीपासून गुडघ्यापर्यंत, ती एकदाही सरकू द्यायची नाही. अल्लाहचं नाव घ्यायचं. पोटावरून हलकेच हात फिरवायचा, दाबायचं नाही. नमाजाआधी धुतो तसं तोंड, हात, पाय. मग उजवी कूस, मग डावी. कुशीवर वळवायच्या आधी सांगायचं, "आई, आता तुला वळवते हं." शेवटच्या पाण्यात कापूर. मऊ कापडाने टिपून कोरडं करायचं, पुसायचं नाही. आणि जो धुतो तो बोलत नाही. आत जे पाहिलं ते आतच राहतं.

दादा, नवरा गेल्यापासून मी लोकांचे कफ्तान शिवते. चांगले शिवते, नावं ठेवायला जागा नाही. पण शिवताना मला कधी असं वाटलं नाही की हे मी केलं नाही तर कुणाचं तरी राहून जाईल. त्या दिवशी वाटलं. हात आपोआप चालत होते आणि मला भीती वाटत नव्हती. बाबा पुरुषांच्या मय्यती धुवायचे तेव्हा मी दारापर्यंत पाण्याच्या बादल्या नेऊन द्यायची, आठवतं? मला वाटतं मी तेव्हापासून त्या दाराशीच उभी आहे.

तूदा म्हणते, तिच्यामागे मी करावं. तू हो म्हण.

तुझी,
यामना

*

लांसजवळून, ८ नोव्हेंबर १९८२

यामना,

सलाम. पत्र मिळालं. वाचून झाल्यावर मी चहाचा ग्लास खाली ठेवला तो तसाच राहिला, गार झाला.

तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? बाबा धुवायचे, कारण ते फकीह होते, मशिदीत मुलं शिकवायचे, आणि ते पुरुष होते. धुणाऱ्या बाईला गावात काय म्हणतात हे मी तुला सांगायला हवं का? म्हणे, ती जादूटोणा करते, मेलेल्या बाईचा हात धरून त्या हाताने कुस्कुसचा रवा वळते, आणि तो खाणारा माणूस जन्मभर मेंढरासारखा मागे फिरतो. तूदाच्या घरचा घास कुणी खाल्लेला तू पाहिलायस? मी नाही पाहिला. बिचारी लग्नाला जाते तीही उंबऱ्याशी बसते.

हे सगळं खोटं आहे, मला कळतं. मी फ्रान्समध्ये राहतो, गाढव नाही. पण हेन्नूबाई फ्रान्समध्ये राहत नाहीत. त्या आपला मुलगा धुणारणीच्या घरी देतील? रकियाचं जुळलेलं मोडलं, तर पुढे तिला कोण विचारणार? तुला पुण्य कमवायचंय तर रोजे ठेव, गरिबाला जेवू घाल. बाईसाहेबांना नेमकं हेच सुचावं!

स्पष्ट लिहितो. तू हे करणार असशील तर मी निकाहाला वली म्हणून बसणार नाही. मग काझीला बसव, आणि बापाविना, मामाविना पोरगी दिली म्हणून गावाला बोलू दे.

केल्तूम बरी आहे. इथली थंडी तिला मानवत नाही, पोटात दुखतं, जेवण कमी झालंय. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. बायकांना असल्या गोष्टींचं काय वेड असतं कोण जाणे. तिने तुझ्यासाठी लोकरीचं जाकीट विणायला घेतलं आहे, रंग कोळशाचा. इथे दुसरा रंगच मिळत नाही.

तुझा भाऊ,
बेलाईद

*

तिझ्नित, २ डिसेंबर १९८२

बेलाईददादा,

सलाम. तुझं म्हणणं मी ऐकलं. नाही करणार. शब्द देते.

तुझं पत्र यायच्या आधीच मला थोडं कळलं होतं. त्याच्या आदल्या शुक्रवारी हेन्नूबाई जेवायला आल्या. मी सात भाज्यांचा कुस्कुस केला होता, वर आटवलेला कांदा आणि मनुका, त्यांना आवडतो तसा. परात मध्ये ठेवली. सगळ्यांनी बिस्मिल्ला केलं. हेन्नूबाईंनी घास हातात घेतला, त्याचा गोळा वळला, वळतच राहिल्या, आणि मग हळूच परातीच्या कडेला ठेवून दिला. म्हणाल्या, "आज पोट ठीक नाही गं." रकिया माझ्याकडे बघत होती. मी भोपळ्याची फोड त्यांच्या बाजूला सरकवली. तीही तशीच राहिली.

नंतर मी रकियाला सांगितलं की मामाला शब्द दिलाय. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. एवढ्या मोठ्या झालेल्या मुलीचं डोकं किती जड लागतं.

आता जे लिहिते त्याने तुझं मन वळावं म्हणून लिहीत नाही. पण मी तुझ्यापासून लपवत नाही काही. परवा पलीकडच्या गल्लीत चक्कीवाल्याची बायको गेली. तूदाला ताप होता. कुणीतरी दोघी आत गेल्या, त्यांना येत नव्हतं. मी आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. भिंतीपलीकडून पाणी पडल्याचा आवाज येत होता, बादलीच्या बादली, धबाधबा, आणि दोघी एकमेकींवर ओरडत होत्या, "तू उचल, तू उचल." ती चक्कीवाली बाई दर ईदला रकियाला भाजलेले बदाम द्यायची.

मी कपडे वाळत घातले आणि खाली आले. शब्द पाळला. मला त्याची लाज वाटते, तेवढं मात्र तुला कळायला हवं.

वहिनीला म्हणावं काही तरी गरम खा, बार्लीची लापशी घे. पोटात कधीपासून दुखतंय? तू नीट लिहीत नाहीस.

यामना

*

लांसजवळून, २७ डिसेंबर १९८२

प्रिय यामना,

शाब्बास. तू शहाणी आहेस हे मला माहीत होतं, उगीच वेळ लागतो तुला. हेन्नूबाईंचं पोट आपोआप बरं होईल बघ. उन्हाळ्यात मी त्यांच्यासाठी इथून कॉफीचा डबा आणि मुलासाठी घड्याळ आणतो, की सगळं विसरतील.

केल्तूमला थोडे दिवस दवाखान्यात ठेवलंय. काळजी करण्यासारखं काही नाही, तपासण्या चालू आहेत. इथे तपासण्या फार करतात. खोली स्वच्छ आहे, खिडकीतून खाणीचा काळा डोंगर दिसतो. तिला तो आवडत नाही, म्हणते, झाकून टाका. डोंगर कसा झाकू? पडदा ओढला.

जाकिटाची एक बाही राहिली आहे, सुया तिच्याजवळच आहेत.

तिचा एक निरोप आहे. मी म्हटलं, असलं काही लिहिणार नाही, पण ती ऐकेना. ती विचारते, "यामनाला विचारा, हम्मूच्या आईला आंघोळ घातली तेव्हा पाणी खरंच कोमट होतं का, की ती नुसतं म्हणते?" विचारलं. आता उत्तर देत बसू नकोस, तिला हुरूप येईल असं काही लिही. लग्नाचं लिही.

बेलाईद

*

तिझ्नित, २१ जानेवारी १९८३

बेलाईददादा,

सलाम. आधी वहिनीला हे वाचून दाखव: हो, पाणी कोमट होतं. मी स्वतः तापवलं, स्वतः हात लावून पाहिलं. तिने विचारलंय म्हणजे तिला खरं उत्तर हवंय, म्हणून हुरूपाचं काही लिहीत नाही. दादा, ती का विचारते आहे याचा तू विचार केलास का?

आता तुझ्यासाठी. मी शब्द मोडला.

मंगळवारी डोंगरातली एक तरुण बाई इथल्या दवाखान्यात बाळंतपणात गेली. मूलही गेलं. तिचा नवरा गल्लीत दारोदार हिंडत होता. अरबी धड येत नव्हतं, आपलीच भाषा, पण वरच्या डोंगरातली. "माझ्या बाईला कुणी धुवाल का, मला तिला अंधार पडायच्या आत वर न्यायचंय," एवढंच तो प्रत्येक दाराशी म्हणत होता. तूदा अंथरुणाला खिळलेली. मी दाराआड उभी होते. मी त्याला येताना ऐकलं, दार वाजलेलं ऐकलं, आणि उघडलं नाही. तो पुढे गेला. शेजारचं दार वाजलं.

मी तुझा विचार केला, रकियाचा केला, हेन्नूबाईंच्या हातातल्या त्या गोळ्याचाही केला. मग वाटलं, ही मुलगी रकियाएवढीच असेल. मी दार उघडलं आणि हाक मारली, "दादा, थांबा."

रकिया मागे उभी होती. तिने मला अडवलं नाही आणि जा असंही म्हणाली नाही. तिने चुलीवर पाणी ठेवलं.

त्या मुलीला आणि तिच्या बाळाला मी आंघोळ घातली. पुढचं काही सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी हेन्नूबाईंनी मोलकरणीबरोबर निरोप पाठवला, साखरेचे कोन परत द्या. निळा कागदसुद्धा फाटला नव्हता. रकियाने स्वतः काढून दिले आणि मग आतल्या खोलीत जाऊन रडली, खूप रडली. माझ्यामुळे रडली. तिच्या पाठीवर हात ठेवायचा मला धीर झाला नाही, याच हाताने सगळं झालं म्हणून. तेव्हा तिनेच माझा हात ओढून घेतला.

या वेळी मी परवानगी मागत नाही, कळवते आहे. कुणी बोलावलं की मी जाणार. वली म्हणून कधी बसायची वेळ आलीच, तर तू बस किंवा नको बसूस. तू माझा भाऊ आहेस, ते काही बदलत नाही.

यामना

*

तिझ्नित, १४ मार्च १९८३

दादा,

तू परत पोचला असशील. खाणीवरही रुजू झाला असशील.

मी वहिनीचा चाळिसावा दिवस होईपर्यंत थांबणार होते, पण मला राहवत नाही. तुझी तार आली त्या दिवसापासून मी एकच गोष्ट धरून बसले होते. म्हटलं, वहिनी येईल, मी तिला आंघोळ घालीन. पाणी कसं असावं हे तिने मलाच विचारलं होतं ना? मी कापूर आणला, नवं कापड आणलं. आणि अगादीरच्या विमानातून तू ती पेटी आणलीस, आत जस्ताचा पत्रा, चारी बाजूंनी डाग देऊन बंद केलेला, वर सरकारी लाखेचा शिक्का.

मी तुला अंगणात गाठलं, सगळ्या पुरुषांदेखत, मला त्याचं काही वाटलं नाही. म्हटलं, उघड. तू म्हणालास, "उघडता येत नाही, कायदा आहे." बरं. मग मी विचारलं, "तिला धुतलं कुणी?" एवढंच विचारलं. तू तोंड फिरवलंस आणि जनाजा उचलायला गेलास. तीन दिवस होतास, पण माझ्यासमोर एकटा आला नाहीस.

मला वाटतं तिला कुणीच धुतलं नाही. दवाखान्यातल्या कुणा परक्या माणसाने रबरी नळीने पाणी मारलं असेल आणि पेटीत घातलं असेल. तुला माझी लाज वाटत होती तोवर मी सहन केलं. पण तिचं हे असं झालं असेल, आणि तू मला सांगायलाही धजावला नाहीस, तर मला ते सोसणार नाही. खरं काय ते लिही. वाईट असलं तरी लिही.

जाकीट मिळालं. एक बाही नाही त्याला. मी तसंच घालते.

यामना

*

लांसजवळून, ३ एप्रिल १९८३

यामना,

तिला मी धुतलं.

ती पहाटे गेली. मी वस्तीत बायकांना निरोप दिला. इथे आपल्या मुलखातल्या बायका थोड्या, बहुतेक सगळ्या तरुण. आल्या सगळ्या. शवागाराच्या बाहेर उभ्या राहिल्या, रडल्या, आणि मग जी ती दुसरीला पुढे ढकलू लागली. एकीलाही येत नव्हतं. आपल्या घरी हे करणाऱ्या बाईला त्यांनी कधी जवळ येऊ दिलं नव्हतं, मग शिकणार कुठून? मला तिथे तूदा आठवली, लग्नात उंबऱ्याशी बसलेली.

अल्जेरियातल्या वहरानची खेइराबाई आहे, आमच्या खालच्या मजल्यावर राहते, वयाने मोठी. ती म्हणाली, पाणी मी ओतते, पण हात लावायला मी धजत नाही. मी म्हटलं, मी लावू का? सगळ्या ओरडल्या, "मेल्यावर नवरा परका होतो!" मलाही तेच वाटत होतं, लहानपणापासून तेच ऐकलंय. तेव्हा आमच्या नमाजखोलीतले म्हातारे सी ब्राहिम बाहेरून म्हणाले, "कुणी सांगितलं? आपल्या मालिकी पंथात नवऱ्याचा हक्क पहिला आहे. जा आत, पोरा."

गेलो. आत फक्त गार पाण्याचा नळ. मी खेइराबाईच्या घरी दुधाच्या कॅनमध्ये पाणी तापवलं, कोटात गुंडाळून आणलं. आणि मला काहीच येत नव्हतं, यामना. येत होतं ते एवढंच, जे तू लिहिलं होतंस. तुझं पहिलं पत्र तिच्या उशाखाली होतं. तिने दवाखान्यात नेलं होतं, मला माहीतही नव्हतं. मी ते खिडकीत साबणाच्या वडीखाली ठेवलं. एक ओळ मोठ्याने वाचायचो, मग ती करायचो. हाताला फडकं. चादर सरकू द्यायची नाही. पोटावरून हलकेच. माझ्या हातांच्या रेघांत कोळसा आहे, तो कधीच निघत नाही, तू पाहिलायस. मला वाटत होतं तिच्या अंगावर काळे डाग उठतील. नाही उठले. कुशीवर वळवताना मी म्हटलं, "केल्तूम, आता तुला वळवतो हं." खेइराबाई तेव्हा रडायला लागली, मी नाही.

केसांबद्दल तू काहीच लिहिलं नव्हतंस. मी पत्र उलटून पाहिलं, मागेही नव्हतं. मला एकच वेणी येते, खाणीत दोर वळतो तशी. तशी घातली. ती चूक झाली का ते सांग.

तू अंगणात विचारलंस तेव्हा मला सांगता आलं असतं. पण जो धुतो तो बोलत नाही, असं तूच लिहिलं होतंस. मला वाटलं, हेही त्यातच येतं. आणि दुसरं म्हणजे, तोंड उघडलं असतं तर मी सगळ्या गावासमोर रडलो असतो. त्याआधी तुझं शब्द मोडल्याचं पत्र आलं होतं, ती गेली त्याच आठवड्यात. मी रागाने वाचायला घेतलं आणि पहिली ओळ वाचली: हो, पाणी कोमट होतं. तिला ती वाचून दाखवता आली. ती म्हणाली, "बरं झालं." तिचं माझ्याशी धड असं तेवढंच शेवटचं बोलणं झालं.

आता मी तुला सांगतो: पाणी कोमट होतं. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं.

उन्हाळ्यात येतो. वली म्हणून बसायला मी आहे, ज्याच्या घरचे तुझ्या हातचं जेवतील त्याच घरी.

बेलाईद

*

तिझ्नित, २४ एप्रिल १९८३

दादा,

तुझं पत्र रकियाने वाचलं, मग मी वाचलं, मग तूदाला वाचून दाखवलं. तूदाने तुझ्यासाठी दुआ मागितली. चार दिवसांनी ती गेली. मी तिला आंघोळ घातली, पाणी रकियाने ओतलं. रकियाने स्वतः मागून घेतलं ते, मी म्हटलं नव्हतं.

केस तीन वेण्या घालून मागे सोडतात. ते मी लिहायला विसरले, चूक माझी आहे, तुझी नाही. पण वहिनी रोज सकाळी एकच घालायची. तुझी वेणी तिने ओळखली असती.

रकियासाठी अजून कुणी आलेलं नाही. येईल किंवा नाही येणार, मला माहीत नाही. ती आता शिवणाला बसते, माझ्यापेक्षा बारीक टाके घालते, आणि कधी कधी मधेच थांबून खिडकीतून बाहेर बघत राहते. तेव्हा मला तुझी पहिली धमकी आठवते आणि वाटतं, तू अगदीच खोटं बोलत नव्हतास. पण दार वाजलं की मी उठते.

तू जुलैत ये. शुक्रवारी मी कुस्कुस वळीन, सात भाज्यांचा, वर कांदा आणि मनुका. सगळ्या गल्लीला सांगेन, हेन्नूबाईंनाही. तू एकटाच जेवायला बसलास तरी मी परात मोठीच काढणार.

यामना